लोढणं

काटेवालीला राग यायला क्षणभर पुरे, जायला मात्र वर्षं लागत. शिट्टीसरांवरचा तिचा राग यंदा एकतीस वर्षांचा झाला होता आणि अजून तब्येतीनं ठणठणीत होता.

बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टांगलेल्या दांड्या, पारडी, साखळ्या. टेबलावर कानशी, तेलाची बुदली, पितळेचा चुरा. आणि दाराशी पोत्यांचा मोठा काटा, ज्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण सवयीनं एकदा उभा राहून जायचा. बाप हेच काम करायचा. बापामागं तिनं ते चालवलं आणि बापापेक्षा कडक चालवलं. एखादा भाजीवाला काटा पुढे सरकवून लाडीगोडी लावायचा, "बाई, शंभरेक ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर कुणाचं काय बिघडतंय?" मग ती हातातली कानस खाली ठेवायची आणि त्याची अशी बिनपाण्यानं करायची, की दारातली कुत्रीसुद्धा उठून पलीकडे जाऊन बसायची. तिच्या सहीचा दाखला ज्या काट्यावर, त्या काट्यावर गिऱ्हाईक डोळे झाकून माल घ्यायचं. वयाच्या चव्वेचाळीस वर्षांत तिनं संसार मांडला नव्हता, घर बांधलं नव्हतं. कमावलं होतं ते एवढं नाव.

आता शिट्टीसर. ते शाळेत कवायत शिकवायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. पोरांची तब्येत हा त्यांचा ध्यास, आणि त्या ध्यासापायी त्यांनी शाळेत एक प्रथा पाडली होती. दर सहामाहीला वजनाचा दिवस. सभागृहाच्या मंचावर जुना दांडीचा काटा ठेवायचा, सगळ्या शाळेनं खाली बसायचं आणि एकेकानं वर जायचं. दांडीवर पितळेचं एक सरकतं वजन होतं, ते पन्नास किलोपर्यंतच मोजायचं. त्याहून जड कुणी आलं की दांडीच्या टोकाला एक लोखंडी वजन वेगळं अडकवावं लागे. ते अडकवलं की पन्नास किलो त्यानं तोलले जात आणि वरचे किती ते सरकत्या वजनावर कळे. साधी गोष्ट. पण सर ते लोखंड टेबलावरून उचलून आधी सगळ्यांना दाखवत, मग ठण्ण करून अडकवत, आणि अख्खं सभागृह एका सुरात ओरडे, "लोढणं!" मग सर आकडा वाचत. मैदानावर वापरायच्या आवाजात वाचत.

सगळ्यांत आधी सर स्वतः चढायचे. लोढणं त्यांनाही लागे, पण त्यांच्या वेळी कुणी ओरडत नसे. छाती काढून ते म्हणत, "अडुसष्ट! विसाव्या वर्षी अडुसष्ट, आजही अडुसष्ट!" आणि टाळ्या पडत.

काटेवाली आठवीत असताना वर्गातलं पहिलं लोढणं तिला लागलं. चौपन्न. सर म्हणाले, "उतरा आता, गोणी. काट्याला जरा दम खाऊ दे." सभागृह खोखो हसलं. शाळा सुटेपर्यंत तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. पुढच्या सहामाहीपर्यंत तिनं रोजचा डबा वाटेतल्या एका कुत्र्याला घातला. त्या वर्षी तो कुत्रा चांगलाच गुटगुटीत झाला. शेवटचे दोन दिवस ती पाणीसुद्धा प्यायली नाही. वजनाच्या दिवशी सकाळी आईची कात्री घेऊन तिनं स्वतःची वेणी कापली. ती वेणी तिनं पुढे एकदा दुकानात मोजली होती : एकशे ऐंशी ग्रॅम. एवढं करूनही लोढणं लागलंच. काट्याच्या फळीवर ती चक्कर येऊन पडली, तेव्हा शिट्टीसरांनी आधी आकडा वाचला आणि मग पाणी मागवलं.

शाळेचा काटा तपासायला तिच्या बापाकडेच यायचा. त्या दुसऱ्या वजनाआधी एका संध्याकाळी ती बापाला म्हणाली होती, "बाबा, चारच किलो कमी दाखवेल असं करा ना. कुणाला कळणार नाही." बाप मान वर न करता म्हणाला, "काट्याला लेक नसते गं." त्या दिवशी तिनं बापावरही डूख धरला. तो मेला तेव्हा सोडून दिला. शिट्टीसर जिवंत होते, त्यामुळे त्यांचा हिशेब चालू राहिला.

बदला घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. रस्त्यात सर दिसले की ती दात-ओठ खायची, घरी येऊन भांडी आपटायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायची. बहुतेकांचे बदले असेच भांड्यांवर निघतात. तिचाही तसाच निघून गेला असता. पण भाची आली.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दूरच्या शहरात रुग्णालयात परिचारिका, आठवड्याला पाळ्या बदलायच्या, म्हणून दोन वर्षांपूर्वी पोर मावशीकडे राहायला आली. जवळ शाळा एकच, तीच. पोर बडबडी, हसरी, ताटात वाढलेलं पुसून खाणारी. नववीच्या पहिल्या सहामाहीला तिला लोढणं लागलं. छप्पन्न. ती घरी येऊन रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिनं निम्मं ताट परत पातेल्यात घातलं आणि म्हणाली, "भूक नाही."

त्यानंतर पाच-सहा महिने भूक नव्हतीच. पोरीला सनावळ्या पाठ होत नव्हत्या, पण एका अंड्यात किती कॅलरी हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. एका बिस्किटाचे चार तुकडे करायची आणि दोन ठेवून द्यायची. शाळेत खाल्लं म्हणायची, आणि डबा दप्तराच्या तळाशी आंबलेला सापडायचा. दुकानात आली की आधी पोत्यांच्या काट्यावर चढायची. बाथरूमला जाऊन आली की पुन्हा चढायची. चौपन्न, बावन्न, एकोणपन्नास. ओठ फुटले, हात गार पडले, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले.

"अगं, मीही हे सगळं करून बसलेय," मावशी म्हणाली. "काही उपयोग होत नाही."

"तुला झाला की," भाची म्हणाली. "तू बघ किती बारीक आहेस."

काटेवाली खरंच काटकुळी होती. आठवीतल्या त्या उपासांपासून तिच्या अंगाला अन्न कधी लागलंच नव्हतं.

दुसऱ्या सहामाहीच्या वजनाला आठ दिवस राहिले असताना शिट्टीसर स्वतः दुकानात आले. मागून शिपायानं हातगाडीवर शाळेचा काटा आणला. सर आता मुख्याध्यापक होते, महिन्याभरात निवृत्त व्हायचे होते, तरी शिट्टी गळ्यातच. शाळा सुटल्यापासून ते पहिल्यांदाच काटेवालीच्या इतक्या जवळ उभे होते.

"माझा शेवटचा वजनाचा दिवस," सर म्हणाले. "पालकांनाही बोलावलंय. म्हटलं, काटा नीट तपासून घ्यावा. तुमचा दाखला म्हणजे गावात शेवटचा शब्द. तुम्ही आमच्याच शाळेच्या ना?"

"हो," ती म्हणाली.

"वाटलंच. तब्येत बघून कळतं. शिस्त लागली की जन्मभर टिकते."

त्यांना ती आठवतच नव्हती. गोणी नाही, वेणी नाही, फळीवर पडलेली पोर नाही. ज्या माणसाला ती इतकी वर्षं मनातल्या मनात जाळत आली, त्याच्या डोक्यात तिच्यासाठी चिमूटभरही जागा नव्हती. भाची कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. मावशीनं तासभर हातापाया पडून तिच्या हातात एक उकडलेलं अंडं दिलं होतं. सरांचं लक्ष तिकडे गेलं.

"अरे वा, ही गेल्या वेळची लोढणंवाली ना? चालू आहे वाटतं खाणं?" ते हसून म्हणाले आणि गेले.

पोरीनं अंडं वाटीत परत ठेवलं. वाटी लांब सरकवली. काटेवाली त्या वाटीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला बदला सुचला.

लोढणं आतून पोकळ असतं. त्याच्या पोटात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि खालून बूच मारतात. तिनं दुकानाचं दार लावून घेतलं, बूच काढलं आणि शिसं पोखरायला बसली. लोढण्याचा पाचवा हिस्सा तिनं उकरून बाहेर काढला. आता जिथे पन्नास किलो तोलले जायचे तिथे चाळीसच तोलले जाणार होते. म्हणजे पन्नासच्या वरच्या प्रत्येक माणसाचं वजन दहा किलोंनी जास्त दिसणार होतं. पन्नासच्या आतल्यांना लोढण्याची गरजच नाही, त्यांच्या आकड्याला धक्का नाही. आणि भाची एकोणपन्नास होती.

शाळेत पन्नासच्या वरची इतरही पोरं आहेत, हे तिच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण तिनं स्वतःची समजूत घातली. सर आधी चढणार, अठ्ठ्याहत्तर दिसणार, पालकांसमोर फजिती होणार, मग ते चिडून म्हणणार की काटाच बिघडलाय, आणि कार्यक्रम तिथेच गुंडाळणार. पोरांची पाळी येणारच नाही. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्या सोयीचं गणित चटकन सुटतं. तिनं भोकात मेण भरलं, वर काजळी चोळली, बूच बसवलं आणि दाखल्यावर लिहिलं, 'तपासला. बिनचूक.' खाली सही केली. आयुष्यातली ही तिची पहिली खोटी सही.

त्या संध्याकाळी ती भाचीला म्हणाली, "खा तू बिनधास्त. या वेळी तुला लोढणं लागत नाही. उलट शिट्टीसरांचीच कशी जिरते ते बघ."

"म्हणजे काय करणारेस?"

"ते तू मला विचारू नकोस. खा."

काय झालं कुणास ठाऊक, पोरीनं विश्वास ठेवला. मावशीच्या चेहऱ्यावर तिनं इतका आनंद पूर्वी कधी पाहिला नसावा. पहिल्या दिवशी एक वाटी भात, दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी तिनं स्वतःहून मागून घेतलं. आठवडाभर दोघी रात्रीच्या जेवणाला समोरासमोर बसून सरांच्या नकला करत आणि ठसका लागेस्तोवर हसत. पोर दुकानात यायची, पोत्यांच्या काट्याला वळसा घालून सरळ आत जायची. काटेवालीला ते बघून भरून यायचं. पोरगी काट्यावर चढत नाही याच्याच आनंदात ती होती. जिचा जन्म मोजण्यात गेला, तिला त्या आठ दिवसांत एकदाही मोजायचं सुचलं नाही.

वजनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पालक मागच्या खुर्च्यांवर, पोरं पुढे सतरंजीवर. काटेवाली शेवटच्या रांगेत कडेला बसली. ठेवणीतली साडी नेसून आली होती. सरांनी छोटंसं भाषण केलं, दाखला वर धरून दाखवला. "आणि हा काटा तपासलाय आपल्याच माजी विद्यार्थिनीनं. त्यांच्या सहीवर शंका घेणारा अजून जन्मायचाय!" लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या. तिनं हात जोडले.

सर फळीवर चढले, लोढणं अडकवलं. सवयीप्रमाणे सरकतं वजन अठराच्या खुणेवर आणून हात सोडला आणि छाती काढली. दांडी वर जाऊन ठाप्पकन आपटली. त्यांनी वजन पुढे सरकवलं. वीस. दांडी वरच. बावीस. पंचवीस. मंचाखालची पोरं माना उंचावून बघायला लागली. अठ्ठाविसावर दांडी समतोल झाली.

"अठ्ठ्याहत्तर!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. आणि मग आणखी कुणीतरी, बारक्या आवाजात, "लोढणं!"

सभागृहात हशा फुटला. पोरं हसली, पालक हसले, शिक्षिका पदर तोंडाला लावून हसल्या. सरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. काटेवालीनं ते हसू कान भरून ऐकलं. तिला वाटलं, हे असंच, अगदी असंच होतं ते. घे. पोटभर घे. सरांचा हात आपसूक पोटाकडे गेला आणि सदऱ्याखालची कातडी चिमटीत धरून चाचपायला लागला. भाची आरशासमोर तस्संच करायची. ते काटेवालीला दिसलं, पण त्या घडीला तिला त्याचं काही वाटून घ्यायचं नव्हतं.

आता ते म्हणणार, काटा बिघडलाय. ती वाट बघत राहिली. पण कसे म्हणतील? पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी तिच्या सहीची शपथ वाहिली होती. त्यांनी घाम पुसला, शिट्टी फुंकली. सभागृह गप्प झालं.

"बघितलंत?" ते म्हणाले. आवाज चिरकला होता. "मीसुद्धा ढिला पडलो. काट्यानं मला सोडलं नाही, तर मी कुणाला सोडणार? नववी, रांगेत या!"

पहिली मुलगी बेचाळीस. दुसरा मुलगा सत्तेचाळीस. तिसरी एकोणचाळीस. मग भाची चढली. चेहरा हसरा. शेवटच्या रांगेकडे बघून तिनं डोळे मिचकावले.

सरांनी वजन पंचेचाळीसवर नेलं, मग अठ्ठेचाळीस, मग थेट पन्नासवर. दांडी वरच टेकलेली.

काटेवालीला सगळं एका दमात कळलं. आठ दिवसांचा भात, मागून घेतलेल्या वाट्या. पोर पन्नासच्या वर गेली होती, किलोभरानं, फार तर दीड. सरांनी लोढणं उचललं. उठून ओरडायला तिला चिक्कार वेळ होता. पण ओरडायचं म्हणजे सांगायचं, की लोढणं खोटं आहे. म्हणजे सरांचे अडुसष्ट त्यांना परत द्यायचे, ते हसू परत द्यायचं, जे मिळून पुरती दहा मिनिटं झाली नव्हती. भाची मंचावरून तिच्याकडे बघत होती. आता ती हसत नव्हती. काटेवालीनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि बसून राहिली.

ठण्ण. "लोढणं!"

"एकसष्ट!" सर गरजले. "छप्पन्नाचे एकसष्ट! हे आपलं खाणं!"

तेव्हा ती उठली. खुर्च्या ढकलत, लोकांचे पाय तुडवत मंचावर गेली आणि तिनं दांडीवरून लोढणं ओढून काढलं. बूच दातानं उपटलं, नखानं मेण कोरलं आणि ते उलटं करून सगळ्यांसमोर धरलं. "हे पोकळ आहे. मी पोखरलंय. पन्नासच्या वरचा प्रत्येक आकडा दहानं खोटा आहे."

सरांचे ओठ हलत होते. ते आकडेमोड करत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे माझे अडुसष्टच!" ते म्हणाले, आणि पालकांतून टाळ्या पडल्या. ते पोरीकडे वळले. "आणि तुझे एक्कावन्न. लोढणं काही टळत नव्हतंच." मग काटेवालीकडे बघून विचारलं, "पण बाई, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

ते खरंच विचारत होते. तिनं तोंड उघडलं. एकतीस वर्षं घोकलेली सगळी वाक्यं तिथेच होती, पण पोर एकटीच मंचाच्या पायऱ्या उतरून चालली होती. काटेवाली तिच्यामागं धावली.

शाळेनं तक्रार करायची ती केली. तिचा काटे तपासायचा परवाना जाणार हे उघड होतं. गल्लीतल्या भाजीवाल्यांनी संध्याकाळपर्यंत त्यावर तोंडसुख घेऊनही झालं. काटेवालीला त्याचं दुःख करायला फुरसत नव्हती. तिनं भात टाकला, अंडी उकडली, दोन ताटं वाढली. पोर येऊन बसली. हात मांडीवर.

"त्यांनी लोढणं उचललं तेव्हाच तुला कळलं होतं ना?" तिनं विचारलं.

"काय?"

"मी तुझ्याकडेच बघत होते मावशी. तुला कळलं होतं. मग ते एकसष्ट म्हणेपर्यंत बसून का राहिलीस?"

काटेवालीनं भाताचा घास कालवला, पुन्हा कालवला. पोर उठली, न शिवलेलं ताट तिनं सगळंच्या सगळं पातेल्यात परत घातलं, ताट धुतलं आणि पालथं ठेवलं. खोलीत जाताना दारात थांबून तिनं एकदा मागं वळून पाहिलं. ती नजर काटेवालीला चांगली ठाऊक होती. तसला डूख मनात धरून माणूस किती वर्षं काढू शकतं, हेही तिला ठाऊक होतं.